जुन्नर-आंबेगावातील गोष्टीचा तास : थोडा इतिहास

आपल्या भागाचा इतिहास म्हटला की शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री ही नावे आपोआप येतात, आणि ती यायलाच हवीत. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या कितीतरी भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपासून या मुलखात अक्षरे आहेत. पण ती अक्षरे पाच-सहा वर्षांच्या पोरापर्यंत कधी पोचली, त्याला गोष्टीचे पुस्तक कोणी उघडून दाखवले, हा इतिहास फारसा कुणी सांगत नाही.

तो सांगायला आता एक निमित्त आहे. आपल्या १९७९ च्या दहावीच्या तुकडीने शाळेतल्या लहान वर्गांसाठी बालवाचनालय उभे करायचे ठरवले आहे. मी ३८ वर्षे प्राथमिक शाळांत, त्यातली बरीचशी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, पहिली-दुसरीला शिकवले. म्हणून संपादक मंडळाने या विषयावर लिहायला मला सांगितले. मित्र-मैत्रिणींनो, निधी कशावर खर्च करायचा हे ठरण्याआधी हे लिखाण तुमच्या वाचनात यावे, एवढीच इच्छा आहे.

पुस्तके येण्याआधी आपल्याकडे गोष्टी नव्हत्या असे नाही. ओतूरच्या बाबाजी चैतन्यांच्या समाधीपाशी कीर्तन चाले. नारायणगाव तर तमाशाची पंढरीच. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. वगाची गोष्ट ऐकत मोठ्यांच्या मांडीवर झोपी गेलेली किती मुले या दोन तालुक्यांत वाढली असतील! घरी चुलीपुढे आजी होती. चिमणीचे मेणाचे घर आणि कावळ्याचे शेणाचे घर ज्याला ठाऊक नाही असा माणूस आपल्या तुकडीत सापडायचा नाही. यातली एकही गोष्ट आपण आधी वाचलेली नाही. आधी ऐकली, मग सांगितली, आणि पुढे कधीतरी छापलेली पाहिली. लहान मुलाच्या वाचनाचा क्रम हाच असतो. तो उलटा करायला गेले की मूल अडते.

मराठीत मुलांसाठी छापील गोष्टी आल्या त्या इंग्रजी अमलात. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ सालचे. मूळ फ्रेंच लेखक बेर्कां याच्या पुस्तकावरून ते मराठीत आले. इसापच्या गोष्टीही छत्र्यांनीच त्याच सुमारास मराठीत आणल्या. योगायोग असा की रत्नागिरीचे नगर वाचनालयही १८२८ चेच. पुण्यात १८४८ साली वाचनालय निघाले, तेच पुढे पुणे नगर वाचन मंदिर झाले. पण ही वाचनालये मोठ्यांची होती. वर्गणी भरणारा, वर्तमानपत्र वाचणारा माणूस तिथे जाई. मुलांच्या गोष्टी एकीकडे छापल्या जात होत्या आणि वाचनालये दुसरीकडे निघत होती. दोन्हींची गाठ पडायला फार वर्षे जावी लागली.

ती गाठ घालण्याचा मोठा प्रयत्न केला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, त्यात मुलांसाठी वेगळे दालन झाले, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या संस्थानातल्या खेड्यांत फिरू लागल्या. महाराजांनी प्राथमिक शिक्षण आधीच सक्तीचे केले होते. शाळेत अक्षर शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर ते अक्षर विसरते, हे ज्याला कळले त्याने या पेट्या पाठवल्या.

आपल्याकडे खेड्यापर्यंत पोचली ती मासिके. वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ साली सुरू झाले. ‘किशोर’ १९७१ मध्ये बालभारतीने काढले. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, आणि अनेकांनी त्याचे जुने अंक कव्हर गळून पडेपर्यंत वाचले आहेत. मधल्या काळात साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. आठवड्यातून एकदा मुलांना एकत्र बसवायचे आणि गोष्ट सांगायची, एवढेच तिचे रूप. खर्च जवळजवळ नाही. लागतो तो फक्त एक माणूस आणि एक ठरलेली वेळ. राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळू लागले आणि मोठ्या वाचनालयांत बालविभागही आला.

शाळेत अजून न आलेल्या मुलांचा विचार आधी केला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. काही वस्त्यांमधली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालली. महागडी परदेशी साधने बाजूला ठेवून तिथे माती, पाने, बिया, शंख-शिंपले वापरले. गोष्ट, गाणे आणि हातकाम हे तीन वेगळे विषय न मानता एकाच तासात बसवले. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज आपल्या प्रत्येक वाडीत ती आहे.

गोष्ट आणि हातकाम यांची सांगड म्हटली की आपल्याला दूर कोसबाडला जायलाही नको. डॉ. अनिल अवचट हे आपल्या जुन्नर तालुक्यातले, जन्म १९४४ चा, ओतूरचा. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे आणि सामाजिक लिखाणामुळे ते महाराष्ट्राला माहीत आहेत. पण मुलांमध्ये ते रमायचे ते ओरिगामीचा कागद हातात घेऊन. त्यांनी ओरिगामीवर पुस्तक लिहिले, आणि ‘सृष्टीत... गोष्टीत’ या मुलांच्या पुस्तकाला २०१० चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. कागदाची घडी घालताना मूल काय करते ते पाहा. सांगितलेले लक्ष देऊन ऐकते, डावे-उजवे ओळखते, कोपऱ्याला कोपरा जुळवते, आणि आधी काय नि मग काय हा क्रम मनात धरते. वाचायला शिकताना नेमके हेच लागते. म्हणून गोष्टीनंतरचे हातकाम म्हणजे मुलांना गुंतवून ठेवायची युक्ती नव्हे. तो वाचनाच्या तयारीचा भाग आहे.

आता कपाटाकडे येते. १९८७ मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ ही योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य द्यायचे, असे ठरले. त्या साहित्यात गोष्टीची पुस्तकेही होती. माझ्या नोकरीची तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. पुढे एका शाळेत बदली होऊन गेले. चार्ज घेताना एक लोखंडी पेटी उघडली, तर आत पुस्तके कोरी करकरीत. पानांना पान चिकटलेले. आधीच्या गुरुजींचा त्यात दोष नव्हता. पुस्तक हरवले तर डेडस्टॉक रजिस्टरला त्याचा जाब द्यावा लागे आणि पगारातून कापले जाईल ही धास्ती असे. मुलांनी वाचले की नाही, हे मात्र कोणत्याही रजिस्टरात लिहायचे नव्हते. युरोपात मध्ययुगात ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवत. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ च्या आपल्या पुस्तकात त्या साखळ्यांची आठवण दिली आहे, कारण पुस्तके वापरण्यासाठी असतात हा त्यांचा पहिलाच नियम. आपल्याकडच्या साखळीचे नाव कुलूप होते, एवढाच फरक.

पेटी उघडली, तरी मुले पुस्तकांकडे धावली नाहीत. हे नीट समजून घ्यायला हवे. आमची बहुतेक मुले महादेव कोळी आणि ठाकर घरांतली. घरची बोली वेगळी, पुस्तकाची भाषा वेगळी. चित्रात पावसात छत्री धरलेला माणूस होता. त्याने इरले का घेतले नाही, असे एकाने विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्या घरी भाताच्या लावणीला सगळे इरले घेऊनच खाचरात उतरत. मग मी रोज शेवटच्या तासाला एक पुस्तक हातात धरून वाचू लागले. मुले अर्धगोलात बसायची, चित्र सगळ्यांना दिसेल असे पुस्तक फिरवायचे, आणि पान उलटण्याआधी थांबायचे. पुढे काय होईल, हे मुलांनी त्यांच्या बोलीत सांगायचे. त्यांचे शब्द दुरुस्त करायचे नाहीत. तीच गोष्ट आठवडाभर वाचली तरी चालते, उलट मुले तीच मागतात. पाचव्या-सहाव्या खेपेला एखादे मूल पुस्तक ओढून घेऊन स्वतः ‘वाचू’ लागते. अक्षरे त्याला येत नसतात, गोष्ट पाठ झालेली असते. तरी बोट ओळीवरून सरकत असते, आणि एक दिवस बोटाखालचा शब्द ओळखू येतो.

पुढची पायरी म्हणजे मुलांची स्वतःची पुस्तके. आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. दुसरीतल्या एका मुलीने आजीकडून ऐकलेले जुन्या घराचे वर्णन वर्गात सांगितले. दाराशी काय होते, ओटा केवढा होता, बैल कुठे बांधत. मी ते तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिले. मुलांनी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ते उतरवले, चित्रे काढली, पाण्याच्या जागी निळ्या कागदाचे कपटे आणि छपराच्या जागी वाळलेले गवत चिकटवले, आणि सुई-दोऱ्याने पाने शिवली. आठ पानांचे ते पुस्तक वर्गातल्या प्रत्येकाने वाचले. धड्यावर अडखळणारी मुले इथे अडखळली नाहीत, कारण वाक्ये त्यांच्या घरातली होती. पुस्तक घरी गेले, आजीने हातात धरले. तिला वाचता येत नव्हते. नातीने वाचून दाखवले. ते गाव कोणत्या इतिहासाच्या पुस्तकात नीट आले आहे की नाही मला सांगता यायचे नाही, पण त्या आठ पानांत ते आले.

आज पुस्तकांची टंचाई पूर्वीसारखी नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेने अगदी लहान मुलांसाठी सुंदर चित्रपुस्तके केली आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके स्वस्तात मिळतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. २०२१ च्या ‘निपुण भारत’ने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे ध्येय ठेवले आहे. पण आपल्या शाळेच्या पटावर आता ऊसतोड कामगारांची, टोमॅटो-कांद्याच्या शेतात कामाला आलेल्या कुटुंबांची मुलेही आहेत. ती चार महिने येतात आणि जातात. घरी वाचून दाखवणारे कुणी नाही, आजी दूर गावाकडे राहिली आणि आईबापांच्या हाती मोबाईल आहे. अशा मुलाला वर्षातला एक दिवस पुरत नाही, आणि काचेच्या कपाटाचा तर काहीच उपयोग नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडते. निधीतून मोठे कपाट घेऊ नये. मुलांच्या छातीएवढ्या उंचीची उघडी मांडणी करावी, पुस्तकांची मुखपृष्ठे समोर दिसतील अशी. पुस्तके साठ-सत्तर पुरे, पण प्रत्येकाच्या दोन प्रती. सतरंजी, रंगीत कागद, डिंक, बोथट कात्र्या यांसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. फाटलेले पुस्तक वापरले गेले असे समजून नोंदीतून कमी करावे, त्याची वसुली कुणाकडूनही करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तास गोष्टीचा ठेवावा. संध्याकाळचा विचार नको. बिबट्याच्या भीतीने उसाच्या पट्ट्यातली मुले दिवे लागायच्या आत घरी पोचायला हवीत, हे आपण सारे जाणतो.

त्या तासाला वाचून दाखवायला माणूस लागेल. आपल्या तुकडीतले बरेच जण निवृत्त होऊन गावी परतले आहेत. महिन्यातला एकेक शनिवार चौघांनी वाटून घेतला तर वर्ष निघते. देणगी देणाऱ्यांची यादी स्मरणिकेच्या शेवटी आहेच. तिच्याखाली वाचून दाखवणाऱ्यांचीही यादी असावी. तिच्यात पहिल्या शनिवारपुढे माझे नाव लिहावे. उरलेल्या तीन शनिवारांसाठी तुम्ही पुढे या.