गाजर गवत आणि लाल चेहरा: पुणे ते चंदीगड

चेहऱ्यावर टिकून राहणारी लाली अनेक विकारांत दिसते. रोझेशियात ती गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी या मध्यभागी असते. आग होते, आणि ऊन, तिखट किंवा मद्य यांमुळे ती भडकते. भारतात मात्र गेल्या सात दशकांत अशा लालीचे एक निराळे कारण रस्तोरस्ती उगवले. त्याचा शोध पुण्यात सुरू झाला.

१९५५ मध्ये पुण्याच्या उकिरड्यांवर एक अनोळखी रोप आढळले. रो. स. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद केली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. लोकांनी त्याला गाजर गवत, काँग्रेस गवत म्हटले. हे बी ‘पीएल-४८०’ योजनेच्या अमेरिकन गव्हातून आले, असे आजही सांगितले जाते. परंतु त्या योजनेचा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे रोप दिसल्यानंतर. शिवाय कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीत रॉक्सबर्ग यांनी ही वनस्पती नोंदवलेली आहे. आधीच्या एखाद्या धान्यजहाजातून बी आले असणे शक्य आहे. ‘पीएल-४८०’वरचा आरोप मात्र कालक्रमात बसत नाही.

या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन पुण्याच्या लोणकर आणि जोग यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये लोणकर यांनी मिचेल व कॅल्नन यांच्यासह अधिक विस्तृत अभ्यास मांडला. दोषी द्रव्य मुख्यतः पार्थेनिन. ते त्वचेतील प्रथिनांना चिकटते, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्याला ओळखून ठेवतात, आणि पुढच्या प्रत्येक संपर्कात दाह उसळतो. वाळलेल्या रोपाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडतात; म्हणून गवताला हात न लावताही चेहरा सुजतो.

गवत उत्तरेकडे पसरले, तसा रोगही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या चंदीगडच्या पीजीआयमधील त्वचारोगतज्ज्ञांनी हवेतून होणाऱ्या या दाहाचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९९८ मध्ये तेथील शर्मा आणि सहकाऱ्यांनी अॅझाथायोप्रिन या औषधाचा उपयोग दाखवला. वर्षानुवर्षे तोंडाने स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांसाठी तो महत्त्वाचा पर्याय ठरला.

दोन्ही विकार उन्हात वाढतात, त्यामुळे गफलत होते. परंतु हवेतून येणारा दाह पापण्या, कानामागची जागा आणि मानेच्या घड्याही सोडत नाही, आणि त्यात खाज प्रबळ असते. संशय आल्यास पाठीवर पॅच टेस्ट करतात. पट्टी ४८ तासांनी काढून त्वचा तपासतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. रोझेशियात सनस्क्रीन, सौम्य साबण, मेट्रोनिडॅझोल किंवा आयव्हरमेक्टिनसारखी मलमे आणि भडकवणाऱ्या गोष्टी टाळणे उपयोगी पडते. गवताच्या दाहात संपर्क तोडणे हाच पाया. शेतात राबणाऱ्याला ते सर्वांत अवघड. आणि निदान न करता दुकानातून आणलेले तीव्र स्टेरॉइड मलम दोन्हीकडे आधी आराम देते. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावत राहिल्यास मात्र ते स्वतःच रोझेशियासारखी लाली निर्माण करते. तेव्हा मूळ रोग कोणता होता, हे तज्ज्ञालाही ओळखणे कठीण जाते.