‘वाल्या’ हे नाव : वाल्मीकिकथेतील एका विसंगतीचा विचार

वाटमारी करणारा वाल्या कोळी नारदाच्या उपदेशाने रामनामात रमला, त्याच्या देहावर वारूळ चढले आणि त्यातून वाल्मीकी ऋषी प्रकट झाले, ही कथा महाराष्ट्रात इतकी रुजली आहे की ‘वाल्याचा वाल्मीकी होणे’ हा वाक्प्रचारच रूढ झाला. तथापि कथेतील नावांचा भाषाशास्त्रीय विचार केल्यास एक विसंगती ध्यानात येते. ‘वाल्मीकी’ हे नाव वल्मीकामुळे, म्हणजे वारुळामुळे, मिळाले असे कथाच सांगते. मग वारूळ चढण्यापूर्वी त्याचे नाव ‘वाल्या’ कसे असेल? गणपतीचे ‘गणप्या’ किंवा रामाचे ‘राम्या’ व्हावे, तसेच हे ‘-या’ प्रत्यय लावून केलेले तुच्छतादर्शक रूप आहे. अर्थात दरोडेखोराचे नाव ऋषीच्या नावावरून घडले आहे.

अन्य ग्रंथांची साक्षही हेच सांगते. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात हा पुरुष अग्निशर्मा आहे, तर नागरखंडात लोहजंघ. पंधराव्या शतकातील कृत्तिवासाच्या बंगाली रामायणात तो च्यवनाचा पुत्र रत्नाकर आहे. अध्यात्मरामायणात त्याला पूर्वीचे नावच नाही. उत्तरनाम सर्वत्र एक आणि पूर्वनाम मात्र प्रांतोप्रांती निराळे, यावरून पूर्वचरित्र मागाहून जोडले गेले असे अनुमान निघते.

‘वाल्मीकि’ या रूपाचा विचारही येथे अगत्याचा आहे. दशरथाचा पुत्र तो दाशरथि, या न्यायाने वाल्मीकि म्हणजे वल्मीक नावाच्या पुरुषाचा वंशज. तैत्तिरीय प्रातिशाख्यात याच नावाच्या एका आचार्याचे मत उल्लेखिले आहे. तेथे वारुळाचा संबंध नाही. वारुळाने झाकल्या गेलेल्या तपस्व्याची जुनी कथा महाभारताच्या वनपर्वात च्यवनाची म्हणून येते. ती पुढे वाल्मीकीकडे वळली असावी.

खुद्द वाल्मीकिरामायणात दरोड्याचा मागमूस नाही. उत्तरकांडात वाल्मीकी स्वतःला प्रचेत्याचा दहावा पुत्र म्हणवितात आणि आपण कधी असत्य बोलल्याचे स्मरत नाही असे सांगतात. पापाचा पुसटसा उल्लेख सापडतो तो महाभारताच्या अनुशासनपर्वात. तेथे मुनींनी वादात ब्रह्मघ्न म्हटल्यामुळे जडलेला दोष शिवाच्या आराधनेने फिटल्याचे वाल्मीकी युधिष्ठिराला सांगतात. येथे आराध्य शिव आहे, रामनाम नाही. नाममाहात्म्याची जोड मिळून कथा पूर्ण आकाराला आली ती अध्यात्मरामायणासारख्या भक्तिग्रंथांत. सप्तर्षींची भेट, पापाचा वाटा उचलण्यास कुटुंबाने दिलेला नकार आणि उलट्या अक्षरांचा जप हे सारे तेथे आहे.

त्या जपाचे मर्म मात्र देशभाषांत उलगडते. संस्कृतात ‘मृ’ धातूचे ‘मरा’ असे आज्ञार्थी रूप होत नाही. बंगालीत ‘मरा’ म्हणजे मेलेला. मराठीत तो ‘मरणे’चा अनेकवचनी आज्ञार्थ. वाटसरूंवर धावून जाणाऱ्याच्या तोंडचा हा शब्द सतत उच्चारला की त्याचाच ‘राम’ होतो. पापी वाणीतही नाम दडलेले आहे, हा नामभक्तीचा सिद्धांत सामान्य श्रोत्याला एका शब्दात पटविणारी ही योजना होय.

राहता राहिला ‘कोळी’ हा शब्द. अध्यात्मरामायणातील पुरुष जन्माने द्विज असून किरातांच्या संगतीत वाढलेला आहे. मराठी कथेत त्याऐवजी येथल्या एका समाजाचे नाव आले आणि वाटमारीचा कलंक त्या समाजाला कारण नसता चिकटला. प्राचीन ग्रंथांत त्याला आधार नाही. म्हणून ही कथा शिकविताना तिला कोणा जातीच्या पूर्वेतिहासाचे साधन मानू नये. ती साक्ष देते ती नाममाहात्म्यावरील मध्ययुगीन श्रद्धेची. आणि त्या श्रद्धेच्या अभ्यासासाठी तिचे मोल निःसंशय मोठे आहे.