हुंकाराविना वर्ग

पुणे आकाशवाणी आणि १९५५-५६ हे वर्ष एकत्र उच्चारले की मराठीच्या अभ्यासकाला गीतरामायण आठवते. १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेली आणि आठवड्याला एका गीताने वर्षभर पुढे सरकलेली ती मालिका. ते स्वाभाविकही आहे. परंतु ती मालिका समाप्तीकडे येत असता त्याच केंद्रावरून आणखी एक मालिका प्रसारित होत होती, आणि तिची दखल आमच्या वाङ्मयेतिहासांनी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तिच्यात काव्य नव्हते, हे कारण असावे. आज ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग कसे आखावेत, ते ऐकणाऱ्याला कसे गुंतवतील, याविषयी चर्चासत्रांमागून चर्चासत्रे होत असताना आम्हांला त्या दुसऱ्या मालिकेची आठवण अधिक होते.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने, आकाशवाणीने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. पुणे हा त्यांपैकी एक जिल्हा. सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात साधारण वीसजणांचे मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक संयोजक. आठवड्यातून दोनदा, सायंकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. विषय शेती, आरोग्य, साक्षरता असे नित्याचेच होते. कल्पना कॅनडातून आलेली होती. तेथे १९४१पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे रेडिओभोवती बसत असत. मात्र प्रयोगाचे मर्म त्या अर्ध्या तासात नव्हते. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होई आणि मंडळ बोलू लागे. ज्या शंकांचे निरसन गावात होत नसे त्या संयोजक लिहून केंद्राकडे पाठवी, आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमार्फत झाले. ते करणारे पॉल नॉयराथ हे व्हिएन्नात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना अशा गावांशी केली, जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि अशांशीही, जेथे रेडिओच नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. म्हणजे ध्वनी तोच, शब्द तेच, भाषाही तीच. फरक ऐकणाऱ्यांच्या बैठकीचा. आणखी एक निरीक्षण असे की, काही आठवड्यांतच ही मंडळे निर्णयही घेऊ लागली, गावाची कामे मार्गी लावू लागली. १९५९मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

या निष्कर्षाचे आश्चर्य मराठी माणसाला वाटू नये. आपल्याकडे कहाणी सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतो. आजी गोष्ट सांगत असता नातवाचा ‘हूं’ थांबला की आजीही थांबते, कारण मूल झोपले असे ती समजते. पोथी लावणाऱ्यासमोर अर्थ विचारणारा एखादा खोडकर म्हातारा असतो, आणि पुष्कळदा त्याच्यामुळेच पारायण रंगते. १९५६च्या प्रयोगाने यंत्राला हुंकार देण्याची सोय केली, असे आम्हांला वाटते. अर्थात, त्या बैठकांचे चित्र अधिक गोड करू नये. सायंकाळी चुलीपाशी असलेली बाई, किंवा ज्याला गावाच्या बैठकीत बसायला जागाच नव्हती तो माणूस, यांचा हुंकार त्यात कितपत उमटला असेल, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आमचा स्वतःचा अनुभव २०२०च्या जूनमधला. टाळेबंदीत शेकडो प्राध्यापकांप्रमाणे आम्हीही एक ऑनलाइन कार्यशाळा घेतली. विषय व्यावहारिक मराठी. समोर बहुतांशी असे विद्यार्थी, जे चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत पाळीने काम करतात आणि उरल्या वेळात पदवी पुरी करतात. आम्ही दोन तास बोललो. स्लाइड सुबक होत्या, मध्ये प्रश्नमंजूषाही होती. पडद्यावर काळे चौकोन होते आणि प्रत्येकाचा ध्वनी, शिस्त म्हणून, आम्हीच बंद करून ठेवला होता. दर दहा मिनिटांनी आम्ही विचारत असू, ‘आवाज येतोय का?’ आमचे एकमेव संभाषण तेवढेच. अखेरीस आभार मानले, तरी निम्मे चौकोन तसेच राहिले. ती मंडळी फोन उशाशी ठेवून केव्हाच झोपली होती. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

दूरशिक्षणाच्या इतिहासात हा घोटाळा वारंवार झालेला दिसतो. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षी उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली (महाराष्ट्र त्यांत नव्हता). १९८४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर वर्ग भरवले. २००४मध्ये केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. प्रत्येक वेळी पोहोचण्याची चर्चा झाली, बसण्याची कमी. या पंक्तीत वेगळे नाव १९८९मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे. पुस्तके घरी, पण अभ्यासकेंद्र जवळच्या गावी आणि तेथे शंका विचारायला माणूस, ही त्याची रचना श्रवणमंडळाच्या जवळ जाते. ती सर्वत्र सारखी जिवंत राहिली असे म्हणणे धाडसाचे होईल.

२०२२ साली आम्ही तीच कार्यशाळा पुन्हा आखली, आणि या वेळी १९५६कडून उसनवारी केली. आमचे विद्यार्थी नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे येथे चौघे-पाचजण मिळून एका खोलीत राहतात. बहुतेक मराठवाड्यातले. तेव्हा प्रत्येक खोली हेच मंडळ ठरवले. एका खोलीत एकच फोन, एक संयोजक. आम्ही बोलायचे वीस मिनिटे. मग आम्ही पडद्यावरून निघून जायचे आणि खोलीने अर्धा तास आपसांत बोलायचे. संयोजकाने एकच प्रश्न लिहून पाठवायचा, आणि पुढच्या बैठकीचा आरंभ त्या प्रश्नांपासून. वेळ रविवार सायंकाळ, कारण बहुतेक खोल्यांची साप्ताहिक सुटी तीच.

दुसऱ्या बैठकीत आम्ही यंत्रावरील सूचनांची भाषा घेतली होती. एक नमुना आम्हीच तयार केला : ‘यंत्र कार्यरत असताना संरक्षक आवरण दूर करू नये.’ प्रमाणभाषेच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती. खराबवाडीच्या खोलीतून प्रश्न आला : ‘प्रेस थांबलेली आहे पण मेन स्विच चालू आहे, तेव्हा यंत्र कार्यरत समजायचे की नाही? आमच्यातला एकजण म्हणतो नाही, तिघे म्हणतात हो.’

प्रेसवर बोटे गमावलेले कामगार या पट्ट्यात पाहायला शोधावे लागत नाहीत. तो प्रश्न आला तेव्हा आम्ही, एम.ए. मराठी, निरुत्तर होतो. ‘कार्यरत’ या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही सांगू शकलो असतो. जून २०२०च्या कार्यशाळेत हेच वाक्य पडद्यावर होते आणि त्यावर कोणी काही बोलले नव्हते, हेही आम्हांला तेव्हाच आठवले.

पुढच्या रविवारी उत्तर आम्ही दिले नाही. म्हाळुंग्याच्या खोलीत देखभाल विभागात काम करणारा एक विद्यार्थी होता, त्याला आधी कळवून ठेवले होते. तो म्हणाला, वीज तोडून स्विचला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवेपर्यंत यंत्र चालूच धरायचे. मग खोल्याखोल्यांतून नवी वाक्ये येऊ लागली. ‘बंद दिसते म्हणून हात घालू नका’ असे एकाने लिहिले. ‘किल्ली खिशात नसेल तर झाकण काढू नका’ असे दुसऱ्याने. तिसऱ्याचे म्हणणे, ‘नका’ ऐवजी ‘नको’ लिहावे, कारण गावाकडे भाऊ भावाला तसेच सांगतो. त्यावर पाऊण तास वाद झाला. आम्ही त्यात दोनदाच बोललो, आणि त्यांतले एकदा ‘आवाज येतोय’ एवढेच सांगण्यासाठी.