नावेतलं, चांदण्यातलं डोहाळजेवण

गृह्यसूत्रांतल्या सीमंतोन्नयनात नवरा साळिंदराच्या काट्याने गर्भवतीचा भांग पाडत असे. विधी मंत्रांचा, पुरुषांचा. बायकांनी आपला सोहळा निराळाच थाटला: बागेतलं, नावेतलं, चांदण्यातलं, झोपाळ्यावरचं डोहाळजेवण.

सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून फुलांची वाडी भरायची. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं ताज्या फुलांचं, घरीच ओवलेलं. हातात फुलांनी मढवलेला धनुष्यबाण. गाणी संपेपर्यंत डोहाळकरीण अवघडून बसलेली; तिच्या पाठीचा विचार हौशी बायकांनी केला असेल का, शंकाच आहे!

मग झाकलेल्या वाट्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंगनिदानावर १९९४ च्या कायद्याने बंदी आली, वाट्यांचा खेळ चालूच राहिला. अलीकडे सजवलेला झोपाळा भाड्याने मिळतो, दागिनेही कृत्रिम फुलांचे तयार येतात.