लॅपटॉप, लिनक्स आणि बंद पेटी : एका जुन्या डोकेदुखीचा इतिहास

१/ मार्च २००३. इंटेलने ‘सेन्ट्रिनो’ या नावाने लॅपटॉपसाठी एक संच बाजारात आणला : पेंटियम एम प्रोसेसर, त्याच्या जोडीचा चिपसेट आणि वाय-फाय कार्ड. तारेवाचून इंटरनेट हेच त्या संचाचे मोठे आकर्षण होते. मात्र त्याच लॅपटॉपवर लिनक्स चढवले की हे कार्ड मुके होई. यंत्र नवे, कार्ड धडधाकट, तरी वाय-फाय नाही. असे का? याचे उत्तर तंत्रात कमी आणि इतिहासात अधिक आहे.

२/ लिनक्सचा जन्म लॅपटॉपवर झाला नाही. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या प्रयोगाची वार्ता जगाला दिली, ती ३८६ प्रोसेसरच्या टेबलावरील संगणकाच्या बळावर. हा संगणक आयबीएम पीसीच्या घराण्यातला. आयबीएमने १९८१ मध्येच आपल्या पीसीचे तांत्रिक पुस्तक छापले होते. त्यात मंडलांचे आराखडे आणि बायोसची संहिताही होती. यंत्राचा नकाशा उघड होता, म्हणून एका विद्यार्थ्याला त्यावर घर बांधता आले.

३/ लॅपटॉपची गोष्ट निराळी. टेबलावरच्या संगणकात एखादे कार्ड चालले नाही, तर ते काढून दुसरे बसवता येई. लॅपटॉपमध्ये बरेचसे भाग कायमचे जडवलेले. शिवाय बॅटरी, झाकण, पंखा, पडद्याचा उजेड, झोपणे आणि जागे होणे ही नवी कामे आली. प्रत्येक कामासाठी यंत्राशी बोलावे लागते आणि ती बोली उत्पादकालाच ठाऊक असते.

४/ ही बोली बोलणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो लिहायचा तर चिपची माहितीपुस्तिका हवी. अनेक कंपन्या ती देत नसत, किंवा गुप्ततेच्या करारावर सही मागत. इथे पेच होता. १९९२ मध्ये लिनक्सने जीपीएल परवाना स्वीकारला. वितरित केलेल्या कर्नलचा सोर्स कोड घेणाऱ्याला मिळालाच पाहिजे, ही त्याची अट. गुपित पाळण्याचे वचन आणि कोड उघडा ठेवण्याचे वचन, दोन्ही एकदम कसे पाळणार?

५/ आता झोपेचा प्रश्न. १९९२ च्या एपीएम पद्धतीत वीज वाचवण्याचा बराचसा कारभार बायोस सांभाळी. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक प्रसिद्ध केले आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. मानक सर्वांना वाचता येत होते. पण प्रत्येक यंत्राची माहिती फर्मवेअरमधील तक्त्यांत असे, आणि ते तक्ते उत्पादक लिहीत.

६/ बहुतेक उत्पादक हे तक्ते विंडोजवर तपासत. तिथे लॅपटॉप झोपला आणि उठला, की काम संपले. तक्त्यातील चूक विंडोजने पोटात घातली, तर ती कुणाला दिसतही नसे. मानकाबरहुकूम चालणारे लिनक्स मात्र त्याच चुकीला अडखळे. झाकण उघडावे तर पडदा काळा, पंखा चालू, कळफलक बधिर. दोष लिनक्सच्या माथी येई.

७/ येथे एक अस्सल कागद आहे. जानेवारी १९९९ मधील एका ईमेलमध्ये बिल गेट्स यांनी एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरतेच करता येतील का, असा विचार मांडला होता. अमेरिकेतील आयोवा राज्यातील खटल्यामुळे तो ईमेल पुढे उघड झाला. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने येथे जपून चालावे. कागदावरून इच्छा कळते. ती अमलात आली, हे केवळ त्या कागदाने सिद्ध होत नाही. न तपासलेले तक्ते एवढे कारणही पुरेसे होते.

८/ पुढे एक गमतीचा तोडगा निघाला. सुरू होताना फर्मवेअर विचारते, ‘समोर कोणती सिस्टिम आहे?’ लिनक्स कर्नल आजही विंडोजच्या नावांना होकार देते आणि ‘लिनक्स’ या स्वतःच्या नावाला साधारणतः नकार! कारण साधे : तपासलेली वाट विंडोजचीच असते. वेषांतर करून वेशीतून आत शिरण्याचा हा प्रकार होय.

९/ वाय-फायच्या आघाडीवर ब्रॉडकॉमच्या चिपनी फार छळले. कंपनी माहिती देईना. तेव्हा ‘एनडिसरॅपर’ या युक्तीने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवला जाई. दुसरा मार्ग कष्टाचा होता. एका गटाने चिपचे वर्तन उलगडून केवळ वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये, म्हणून ही फारकत. जून २००६ मध्ये हा ड्रायव्हर कर्नल २.६.१७ मध्ये दाखल झाला.

१०/ तरी एक अडचण उरलीच : चिपमध्ये भरायचे फर्मवेअर कंपनीच्या मालकीचे. ते विंडोजच्या ड्रायव्हरमधून कातरून काढावे लागे, आणि तो मिळवायला इंटरनेट हवे. म्हणजे वाय-फाय सुरू करण्यासाठी आधी तार जोडा! इंटेलने २००४ मध्ये सेन्ट्रिनोच्या कार्डासाठी उघडा ड्रायव्हर पुढे आणला. ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपसाठी सप्टेंबर २०१० मध्ये.

११/ महाराष्ट्राचा धागाही येथे जुळतो. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाची एक्सओ यंत्रे आली. त्यांवर फेडोरावर बेतलेले लिनक्स होते आणि नेहमीच्या बायोसऐवजी खुले फर्मवेअर. सारे खुले असावे, या हट्टाने घडवलेल्या त्या यंत्रातही वाय-फाय चिपचे फर्मवेअर बंदच राहिले.

१२/ पडद्याची कथाही तशीच. मार्च २००९ मध्ये कर्नल २.६.२९ ने इंटेलच्या ग्राफिक्ससाठी पडद्याची मांडणी स्वतःकडे घेतली. २०१० मध्ये एनव्हिडियाचे ऑप्टिमस आले. एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप, आणि लिनक्सवर नवा गोंधळ. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला शिवी हासडली. कंपनीने कर्नलपुरता कोड खुला केला तो मे २०२२ मध्ये.

१३/ २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूटचा पहारा आला : सही नसलेली सिस्टिम सुरूच होऊ द्यायची नाही. लिनक्सने ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सहीने पुढे केला. मग तडजोडीची पाळी लिनक्सच्या तत्त्वनिष्ठांवर आली. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने बंद फर्मवेअरला अधिकृत इन्स्टॉलरमध्ये जागा दिली. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये तो निर्णय अमलात आला. तत्त्व थोडे वाकले, पण नवख्या माणसाचे वाय-फाय पहिल्याच दिवशी चालू लागले.

१४/ आजच्या दुरुस्तीच्या सल्ल्यांत हा सारा इतिहास दडला आहे. पडदा काळा? ‘नोमोडसेट’ लावून सुरू करा, म्हणजे २००९ चा बदल तात्पुरता बाजूला. वाय-फाय दिसत नाही? आधी कर्नलच्या नोंदींत फर्मवेअर गहाळ असल्याची ओळ शोधा. लॅपटॉप झोपेतून उठत नाही? बायोस अद्ययावत करा. चुकीचा तक्ता कदाचित दुरुस्त झाला असेल. बाहेरचा ड्रायव्हर चढत नाही? सिक्युअर बूटने त्याची सही मागितली असेल.

१५/ या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : यंत्र विकत घेतले, पण त्याची बोली कुणाची? उत्तर अजून अर्धेच मिळाले आहे. जिथे नकाशा उघड झाला, तिथे वर्षानुवर्षांची डोकेदुखी ओसरली. जिथे पेटी बंद राहिली, तिथे आजही कुणीतरी रात्री काळ्या पडद्यासमोर बसून ती उलगडत आहे.