'हरताळ' शब्दाची व्युत्पत्ति

'हरताळ पाळणें' व 'हरताळ फासणें' या दोन वाक्प्रचारांतील 'हरताळ' हा एकच शब्द होय, असा समज मराठी वाचकांत बराच रूढ आहे. पोथींतील अक्षर पुसावें तसा एका दिवसाचा व्यवहार पुसून टाकणें म्हणजे हरताळ, असा अर्थही कित्येक लावतात. अर्थ जुळतो खरा. पण अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ति सिद्ध झाली असें होत नाहीं.

फासण्याचा हरताळ हा संस्कृत 'हरिताल' होय. हें सोमल व गंधक यांचें पिवळें खनिज. लेखनिक चुकला म्हणजे चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप देई. ज्यांनीं जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत, त्यांस हे पिवळे डाग परिचयाचे असतील. वचनाला हरताळ फासला, असें आपण म्हणतों तें यावरून.

पाळण्याचा हरताळ निराळा. 'हट्ट' म्हणजे बाजार अथवा दुकान, आणि 'ताल' किंवा 'तालक' म्हणजे कुलूप. पहिल्यापासून आपला 'हाट' आला, दुसऱ्यापासून 'टाळें'. समासांत टकाराचा डकार होऊन 'हडताळ' हें रूप बनलें. येथें शेजारच्या भाषांची साक्ष आम्हांस निर्णायक वाटते. गुजरातींत दुकानबंदीस 'हडताळ' व खनिजास 'हरताळ' म्हणतात. हिंदींत अनुक्रमें 'हडताल' व 'हरताल'. बंगालींत बंदास 'हरताल' असा रकार आला आहे, परंतु तेथें खनिज 'हरिताल'च राहिलें. मराठींत मात्र दोन्ही शब्द एकरूप झाले, व भेद राखण्याचें काम क्रियापदांवर पडलें.

हा भेद इतिहासकारानेंही ध्यानांत घ्यावा असा आहे. लेप दुसऱ्याच्या अक्षरावरही देतां येतो. हरताळांतलें टाळें मनुष्य आपल्याच दारास लावतो, आणि पहिली तूट त्यालाच येते. सप्टेंबर १६६९ मध्यें काजीच्या जाचास कंटाळून सुरतेचे सुमारें ८,००० वाणी शहर सोडून भरुचेस गेले. टांकसाळ व जकातघर बंद पडलें. घरखर्चापुरतेंही नाणें मिळेना, असें इंग्रज वखारवाल्यांनीं लिहून ठेवलें आहे. (१६६४ व १६७० या शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्यांमधील हा प्रसंग, सुरतेचें नांव निघतांच आपणांस त्या स्वाऱ्या आठवतात, हा आठवत नाहीं.)

काशी येथें १८१० च्या घरपट्टीविरुद्ध डिसेंबरअखेर दुकानें मिटलीं तेव्हां गोष्ट बाजारापुरती राहिली नाहीं. लोहार, शिंपी, न्हावी, कहार यांनींही शपथपूर्वक काम थांबविलें, आणि कंपनी सरकारास अखेर तो कर मागें घ्यावा लागला. लोहाराचें हत्यार खालीं ठेवणें हेंही या प्रकारांत आलें, म्हणजे 'हट्ट' पदाचा मूळ अर्थ येथें मागें पडला. रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनीं १९१९ च्या एप्रिलची ६ तारीख नेमली, तींत दुकानबंदीबरोबर उपवास व प्रार्थनाही होती. दिल्लीकरांनीं आधींच्या तारखेप्रमाणें ३० मार्चलाच हरताळ पाळला, आणि तेथें गोळीबार झाला.

कामगारांच्या नकारास मराठींत 'संप' हा वेगळा शब्द आहे, आणि मालकानें कारखान्यास घातलेल्या टाळ्यास 'टाळेबंदी'. तिच्यांतील टाळें व हरताळांतील टाळें एकच, हें आज कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. कोशकारांनीं निदान दोन्ही हरताळ स्वतंत्र नोंदींखालीं द्यावेत.