घराचे मुख : जुन्या दिल्लीच्या हवेल्या आणि त्यांच्या दर्शनी भागाचा जीर्णोद्धार

‘घराची कळा अंगण सांगते’ ही म्हण मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. जुन्या दिल्लीत मात्र ती जराशी बदलून घ्यावी लागते. चांदणी चौकाच्या मागील गल्ल्यांत घराचे अंगण रस्त्यावरून दिसतच नाही; ते आत, चार बाजूंच्या खोल्यांच्या मधोमध असते. रस्त्याला सामोरे येते ते केवळ प्रवेशद्वार, त्याच्या दोन्ही अंगांचे चबुतरे, वरचा छज्जा आणि एखादा झरोका. त्यामुळे घराची कळा सांगण्याचे काम येथे दर्शनी भागाकडे आले. घराचे हे मुख कसे घडले, गेल्या पाऊणशे वर्षांत ते कसे विरूप झाले आणि त्याला त्याच्या काळाला साजेसे रूप पुन्हा देण्याचे प्रयत्न कोणत्या वाटेने झाले, याचा विचार दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसालाही उपयोगी पडावा असा आहे.

शाहजहान बादशहाने यमुनेच्या काठी नव्या राजधानीची पायाभरणी १६३९ मध्ये केली आणि १६४८ मध्ये तो लाल किल्ल्यात राहावयास आला. त्याची कन्या जहाँआरा हिने किल्ल्यासमोरचा चांदणी चौक वसविला. त्याच्या मधून कालव्याचे पाणी वाहत असे. या शाहजहानाबादेत सरदार, व्यापारी आणि कारागीर यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या. त्यांची रचना पाहिली की पुण्या-साताऱ्याचा वाडा ज्याने पाहिला आहे त्याला ओळख पटल्यावाचून राहत नाही. वाड्यात देवडी, तशी हवेलीत ड्योढी. वाड्याला चौक, तसा हवेलीला सहन. वाड्याचा सज्जा, तसा हवेलीचा छज्जा. फरक मुख्यतः साहित्यात दिसतो. मराठी वाड्याच्या दर्शनी भागात सागवानाचे राज्य असते, तर दिल्लीत लाल वालुकाश्म आणि लाखोरी वीट यांचे. लाखोरी वीट आजच्या विटेपेक्षा पुष्कळ पातळ, चपटी आणि लहान असते. ती चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, यांच्या मिश्रणात बसवीत आणि वरून चुन्याचा गिलावा देत. दाराभोवती दगडी महिरप, छज्ज्याखाली कोरीव दगडी तोडे आणि दाराच्या दोन्ही बाजूंस बसण्यापुरता चबुतरा, एवढ्यावर हवेलीचे मुख सजत असे. चबुतरा केवळ शोभेसाठी नव्हता. वाटसरू तेथे टेकत, शेजारी गप्पांना बसत; घर आणि गल्ली यांना जोडणारी ती जागा होती.

हे रूप एकाच काळात गोठून राहिले नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ल्याच्या आतील आणि किल्ला व जामा मशीद यांच्या दरम्यानची वस्ती मोठ्या प्रमाणावर पाडली. अनेक जुनी सरदार घराणी धुळीला मिळाली आणि शहराची मालमत्ता सावकार व व्यापारी यांच्या हाती गेली. चांदणी चौकातील कटरा नीलजवळची लाला चुन्नामल यांची हवेली ही या नव्या धनिकवर्गाची खूण होय. पुढे १८६७ मध्ये आगगाडी दिल्लीत आली. तिच्याबरोबर ओतीव लोखंडाचे कठडे, रंगीत काचा आणि युरोपीय धर्तीचे खांब यांची आवडही आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हवेलीत खाली मोगली महिरप, मध्ये राजस्थानी धाटणीचा झरोका आणि वर लोखंडी जाळीचा सज्जा असा मेळ सर्रास आढळतो. जीर्णोद्धार करणाऱ्याला हा इतिहास माहीत असावा लागतो, कारण ‘मूळ रूप’ म्हणजे कोणत्या सालचे रूप, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

दिल्लीच्या वास्तुकथेत एक मराठी नावही आहे. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई या कागलच्या घाटगे घराण्यातील. त्यांचे बंधू हिंदुराव यांनी दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवरचा बंगला विकत घेतला. हा बंगला पूर्वी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा होता. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला. १८५७ च्या लढाईत याच बंगल्याभोवती इंग्रजांची मोक्याची चौकी होती आणि त्याच्या भिंतींनी तोफांचा मारा सोसला. आज तेथे ‘हिंदुराव रुग्णालय’ आहे. रुग्णालयाच्या विस्तारात त्या घराचे मुख बव्हंशी झाकले गेले. मालकाचे नाव मात्र दिल्लीकरांच्या तोंडी रोज येते. एखाद्या वास्तूचे नाव टिकते आणि रूप हरवते, असे या शहरात वारंवार घडले आहे.

हवेल्यांचे रूप हरवण्याची कारणे केवळ रसिकतेच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या फाळणीत शहरातून हजारो कुटुंबे गेली आणि त्याहून अधिक निर्वासित आले. एका कुटुंबाची हवेली अनेक बिऱ्हाडांत वाटली गेली. खालच्या मजल्यावर दुकाने व गोदामे आली. १९५६ च्या गलिच्छ वस्तीविषयक कायद्याखाली तटबंदीच्या आतील जुने शहर गलिच्छ वस्ती म्हणून जाहीर झाले. १९५८ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुनी भाडी जवळजवळ जागच्या जागी राहिली. महिन्याला हाती येणाऱ्या भाड्यात दाराचे बिजागरसुद्धा बदलता येत नसेल, तर मालक छज्ज्याची डागडुजी कशातून करणार? भाडेकरूला घर आपले नाही असे वाटे आणि मालकाला ते आपल्या हाती नाही असे वाटे. या दोन भावनांच्या मध्ये भिंतीवर सिमेंट चढले, झरोक्यात वातानुकूलन यंत्र बसले, महिरपीवर दुकानाची पाटी आली आणि सर्वांवर विजेच्या तारांचे जाळे पसरले.

यांतील सिमेंटचा विषय स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेला ओलावा त्यातून हळूहळू बाहेर पडतो. सिमेंटचा थर हा मार्ग बंद करतो. मग ओल आतच साचते, क्षार फुगतात आणि लाखोरी वीट पिठासारखी झडू लागते. वरून टणक दिसणारी भिंत आतून पोकळ होत जाते. हुमायूनच्या मकबऱ्यावर आगाखान ट्रस्ट आणि पुरातत्त्व खाते यांनी २००७ ते २०१३ या काळात जे काम केले, त्यात एकट्या छतावरून दहा लाख किलोंहून अधिक सिमेंट काँक्रीट उतरवावे लागले. हे सर्व सिमेंट वेळोवेळी दुरुस्तीच्या सद्हेतूनेच घातले गेले होते. चुकीची दुरुस्ती ही कधी कधी दुर्लक्षापेक्षा महाग पडते, हा धडा त्या छताने दिला.

जीर्णोद्धाराची उदाहरणे पाहू लागल्यास प्रथम बल्लीमारानमधील गली कासिम जान आठवते. मिर्झा गालिब यांनी आयुष्याची अखेरची वर्षे या गल्लीतील हवेलीत काढली; १८६९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्या जागेत दुकाने थाटली गेली. १९९९ नंतर दिल्ली सरकारने हवेलीचा काही भाग ताब्यात घेऊन लाखोरी विटा, वालुकाश्म आणि लाकडी दरवाजा वापरून तिला जुने रूप दिले. संपूर्ण हवेली परत मिळाली नाही; परंतु जेवढी मिळाली तेवढी तिच्या काळाच्या साहित्यात बांधली गेली, म्हणून तिचा छोटासा दर्शनी भागही खरा वाटतो.

दुसरे उदाहरण जामा मशिदीजवळच्या धर्मपुरा हवेलीचे. १८८७ सालची ही हवेली मोडकळीस आली होती. माजी केंद्रीय मंत्री विजय गोयल यांच्या पुढाकाराने सुमारे सहा वर्षे काम चालले आणि २०१६ मध्ये ती अतिथिगृह व उपाहारगृह म्हणून खुली झाली. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा-संवर्धन पुरस्कारांत तिची सन्माननीय उल्लेखासाठी निवड झाली. येथे मोगली, हिंदू आणि युरोपीय अशा तिन्ही धाटणींच्या खुणा जपल्या आहेत. हवेलीला शुद्ध मोगली करण्याचा मोह टाळला, हे या कामाचे मोठेपण. अर्थात प्रत्येक मालकाला हवेलीचे अतिथिगृह करता येणार नाही, हेही तितकेच खरे.

तिसरे उदाहरण नव्या दिल्लीचे. रॉबर्ट टोर रसेल यांच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३३ या काळात बांधलेल्या कॅनॉट प्लेसच्या पांढऱ्या खांबांच्या वर्तुळाला पाट्या, तारा आणि वाढीव बांधकामांनी ग्रासले होते. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने नवी दिल्ली नगरपालिकेने तेथील दर्शनी भागाच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. एकट्या दुकानदाराने आपली पाटी लहान केली असती तर त्याचे गिऱ्हाईक बुडाले असते. सर्वांच्या पाट्यांना एक माप लागले तेव्हा कोणाचेच बुडाले नाही. दर्शनी भाग ही खाजगी मालमत्ता असली तरी तिची शोभा सामायिक असते, हे त्यावरून ध्यानात येते.

पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे स्मरणही येथे उचित ठरेल. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याच्या सुरूदार खांबांच्या लाकडी मुखाची कीर्ती होती. १८७९ च्या आगीत वाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला. पुणेकरांनी वर्गणी जमवून तो पुन्हा उभारला. ‘वारसा’ हा शब्द सरकारी कागदांत येण्याच्या कितीतरी आधी, आपल्या शहराचे मुख आपणच सावरले पाहिजे, ही जाणीव मराठी समाजात होती.

सामान्य गृहस्थाने यातून काय घ्यावे? कामाचा क्रम त्याला उपयोगी पडेल. प्रथम घराची जुनी छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी गोळा कराव्यात. नंतर काही नवे लावण्यापूर्वी अनावश्यक ते काढावे : मृत तारा, गंजलेले पत्रे, जुन्या पाट्या. एवढ्यानेच निम्मे रूप परत येते आणि खर्च थोडा लागतो. त्यानंतर सिमेंट जपून उतरवून चुन्याचा गिलावा करावा. चुना भिजवून मुरू द्यावा लागतो आणि गिलावाही हळूहळू सुकतो. घाईच्या माणसाने हे काम हाती घेऊ नये. दरवाजा कुजला असेल तर कुजलेली फळी तेवढी बदलावी, सबंध दार फेकू नये. दगडावरचा तैलरंग घासून काढताना दगडाची कोर बोथट होणार नाही, हे पाहावे. शेवटी नावाची पाटी, दिवा आणि पायरी यांकडे वळावे. मूळ घर साधे असेल तर ते साधेच राहू द्यावे. बाजारात मिळणाऱ्या तयार झरोक्यांनी साध्या घराला हवेली बनविणे म्हणजे आजीच्या अंगावर भाड्याचे दागिने घालण्यासारखे आहे.

या कामात कायद्याचीही बाजू आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. वारसा-यादीतील घरासाठी वारसा संवर्धन समितीची संमती लागते. इन्टॅक या संस्थेने १९९९ मध्ये दिल्लीतील बाराशेहून अधिक वास्तूंची दोन खंडांतील सूची प्रसिद्ध केली. त्यांतील किती वास्तूंची मुखे आज ओळखू येतील, हे प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे. नियम कडक आणि मदत अपुरी, अशी मालकांची तक्रार असते व ती निराधार नाही. घराचे मुख सर्वांचे म्हणावयाचे आणि त्याचा खर्च मात्र एकट्या मालकाने सोसावयाचा, हा न्याय फार काळ टिकणारा नाही. शहराने अनुदान, करसवलत किंवा निदान कुशल कारागीर यांच्या रूपाने आपला वाटा उचलला पाहिजे. दगडाची जाळी कोरणारे आणि चुना मळणारे हात काम नसल्यामुळे दुसऱ्या व्यवसायात गेले, तर पैसा असूनही जीर्णोद्धार होणार नाही.

२०२१ मध्ये चांदणी चौकाचा मुख्य रस्ता नव्याने सजविण्यात आला. रस्त्यावरच्या तारा जमिनीखाली गेल्या आणि मान वर करून इमारतींकडे पाहणे पुन्हा शक्य झाले. वर पाहिले म्हणजे पाटीच्या मागे अर्धी झाकलेली महिरप दिसते, तुटक्या कठड्यामागे शाबूत तोडा दिसतो. अजून सर्व गेलेले नाही, असे ते सांगतात.

मराठी माध्यमाच्या शाळेचा हीरक महोत्सव साजरा करताना या विषयाचे औचित्य वेगळे सांगावयास नको. दिल्लीतील मराठी मूल ज्या शहरात वाढते त्या शहराचा वारसाही त्याचाच आहे. मेट्रोने चावडी बाजारला उतरून एखाद्या गल्लीतील दहा दारांची चित्रे वहीत काढावीत, कोणत्या दाराला चबुतरा उरला आहे आणि कोणता छज्जा मूळचा आहे हे टिपावे, घरातील वडीलधाऱ्यांकडून गावच्या वाड्याची देवडी कशी होती ते विचारून घ्यावे. त्या वहीची पाने उद्या एखाद्या घरमालकाला जुने दार ओळखण्यास उपयोगी पडतील. जे आधी नीट पाहिले जाते, तेच पुढे सावरले जाते.